रिसिव्हर नंतर, आधी सोफा पुढे ओढा

गेल्या महिन्यात टीव्हीच्या साइझबद्दल लिहिताना जाता जाता म्हणून गेलो की हल्लीच्या पातळ टीव्हीचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यातला रेडिओ, तर त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी फोन करून सांगितलं, आता हा महिना होम थिएटरलाच देऊन टाका. सगळी घेता येणार नाहीत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय कारण निम्म्या लोकांनी फिरवून फिरवून तेच विचारलंय, बाकीच्यांनी आपापलं त्यात शोधा.

प्रश्न : नमस्कार सर. ठाण्यात टू बीएचके आहे, हॉल ११ बाय १६. टीव्ही ५५ इंची, ११ फुटाच्या भिंतीवर, त्याच्या समोरच्या भिंतीला टेकून सोफा. एका बाजूला बाल्कनीची काच, दुसरी बाजू डायनिंगकडे उघडी. बजेट सगळं धरून सव्वा लाख. दुकानदार म्हणतोय पंच्याऐंशी हजारांचा ७.२ रिसिव्हर घ्या, दहा वर्षं बघायला नको, उरलेल्या पैशांत छोटे सॅटेलाइट स्पीकर बसवून देतो. मित्र म्हणतो साउंडबार घे आणि गप्प बस. मी काय करू?

उत्तर : दुकानदाराने हिशोब बरोबर उलटा केलाय. रिसिव्हर म्हणजे टीव्हीकडून आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना वाटून देणारी पेटी. दहा वर्षं टिकते ती वस्तू रिसिव्हर नव्हे, स्पीकर. माझ्याकडे २००५ च्या आसपासचा एक रिसिव्हर अजून माळ्यावर आहे, चालू आहे बिचारा, पण त्याला एचडीएमआयच (चित्र आणि आवाज एकाच वायरने नेणारी जोडणी) नाही, त्यामुळे आजच्या टीव्हीला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. त्याच्या बरोबर घेतलेले स्पीकर मात्र आज सकाळीसुद्धा वाजत होते. टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरने उलटा रिसिव्हरकडे आणायची सोय, ज्याला एआरसी म्हणतात, ती २००९ मध्ये आली, मग २०१७ मध्ये तिचीच सुधारलेली आवृत्ती, ईएआरसी, आली, मधल्या काळात फोर-के आलं आणि त्याच्यासाठी एचडीसीपी २.२ नावाचं, नक्कल रोखणारं कुलूप आलं, आणि दरवेळी आधीचे रिसिव्हर घेतलेले लोक डोक्याला हात लावून बसले. रिसिव्हर हा मोबाइलच्या जातीचा आहे, स्पीकर कपाटाच्या जातीचा. लाकूड, चुंबक, कागदाचा नाहीतर प्लास्टिकचा कोन, यात जुनं होण्यासारखं काही नसतं.

म्हणून सव्वा लाखातले चाळीसेक हजार रिसिव्हरला, सत्तर-पंच्याहत्तर स्पीकर आणि सबवूफरला (खालचे जड सूर वाजवणारा खोका), आणि उरलेले वायर, स्टँड आणि एक जाड गालिचा. गालिचा मी गमतीने म्हणत नाहीये. तुमच्याकडे खाली व्हिट्रिफाइड टाइल्स असणार, बाजूला काच, हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, मागून ‘टर्र’ असा बारीक आवाज आला तर तो तुमच्या प्रत्येक संवादाच्या मागे येणार आहे, आणि तो लाखाच्या रिसिव्हरनेही जात नाही. गालिचा, काचेवर जाड पडदा, पुस्तकांचं उघडं कपाट, यांनी जातो, निदान पुष्कळ कमी होतो.

आता ७.२ चं, म्हणजे सात स्पीकर आणि दोन सबवूफरचं. सात चॅनलमधले दोन स्पीकर तुमच्या पाठीमागे हवेत. तुमचा सोफा भिंतीला टेकलेला. मग ते दोन काय शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये लावणार? मी स्वतः हेच केलं होतं, १० बाय १२ च्या खोलीत सात चॅनलचा रिसिव्हर, दोन स्पीकर शेवटपर्यंत खोक्यातून बाहेर आले नाहीत आणि नंतर भाच्याच्या लग्नात त्याला देऊन टाकले. तुम्हाला ५.१ पुरे. पाच स्पीकर, एक सबवूफर.

आणि सोफा भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढा, आधी हे करा, खरेदी नंतर. खोलीत खालचे सूर भिंतीभिंतींमध्ये आपटून एकमेकांवर चढतात, तुमच्या १६ फुटांच्या लांबीत साधारण ३५ हर्ट्झचा सूर असा अडकतो, ११ फुटांच्या रुंदीत ५१ च्या आसपासचा, आणि हे सूर सगळ्यात जास्त फुगतात ते भिंतीपाशी, म्हणजे नेमकं तुमचं डोकं जिथे टेकलेलं असतं तिथे. मग माणूस म्हणतो सबवूफर घुमतो, खराब आहे. सबवूफर बरा असतो हो, बसायची जागा चुकलेली असते. अगदी मधोमधही बसू नका, तिथे तोच सूर गायब होतो. बायको म्हणेल हॉल छोटा दिसतोय. दिसू दे. सोफ्यामागे इस्त्रीचं टेबल उभं ठेवायला जागा होते असं सांगून बघा, आमच्याकडे चाललं.

स्पीकर घेताना सेंटर स्पीकरवर, म्हणजे टीव्हीपाशी मधोमध ठेवतात त्याच्यावर, कंजुषी करू नका. सिनेमातले बहुतेक संवाद एकट्या त्याच्यातून येतात. तो पुढच्या डाव्या-उजव्या जोडीच्याच सिरीजचा घ्या, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचं इंजिन बदलल्यासारखं वाटतं. त्याला टीव्हीच्या कॅबिनेटच्या आत खोल सारू नका, तोंड कडेला आणा, खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचे दोन तुकडे लावून जरा वर बघायला लावा. मागचे दोन सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या थोडे मागे आणि फूटभर वर. बाल्कनीकडे भिंत नाही म्हणताय तर तिथे स्टँड, डायनिंगच्या बाजूलाही स्टँड, दोन्ही सारख्या उंचीवर. सबवूफर १० इंची पुरे, ११ बाय १६ ला १२ इंची घेऊन खालच्या मजल्याशी भांडण ओढवून घेऊ नका (या भांडणाचं पत्र पुढे आहेच).

पैसे कमी पडले तर हलका पाच स्पीकरचा सेट घेण्यापेक्षा रिसिव्हर आणि पुढचे तीन चांगले घ्या, सबवूफर दिवाळीला, मागचे दोन पुढच्या बोनसला. रिसिव्हरला मेनूत सांगता येतं की बाबा तीनच आहेत, तो निमूट ऐकतो, मागच्यांचा आवाज पुढे वाटून देतो.

रिसिव्हर कुठला? डेनॉन, यामाहा, ओंक्यो, सोनी, या वर्गात फार डावं-उजवं करण्यासारखं नाही, ज्याचं सर्व्हिस सेंटर ठाण्यात किंवा मुंबईत आहे आणि जो तुम्हाला भारतातली वॉरंटी लेखी देतो तो घ्या. एवढं बघा की ईएआरसी आहे, तुमची डिव्हाइसेस मोजून त्यापेक्षा एक एचडीएमआय जास्त आहे, आणि बरोबर छोटा माइक येतो. तो माइक फार कामाचा, त्याने खोलीतला आवाज मोजून रिसिव्हर सगळे स्पीकर आपोआप जुळवून घेतो. डेनॉन-माराँट्झमध्ये त्या प्रकाराला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपाओ, काही ओंक्योत डिरॅक मिळतं. माइक कानाच्या उंचीवर ठेवायचा, सोफ्याच्या पाठीवर नाही, कॅमेऱ्याच्या तिवईवर, पंखा-एसी बंद, आणि स्वयंपाकघरात सांगून ठेवायचं की पंधरा मिनिटं कुकर नको, कारण मोजणी चालू असताना शिट्टी झाली की परत पहिल्यापासून. ते झालं की मेनूत जाऊन सगळे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ करा, यंत्र कधी कधी पुढच्या मोठ्या स्पीकरना ‘लार्ज’ ठरवून बसतं. ‘स्मॉल’ म्हटल्याने स्पीकरचा अपमान होत नाही, ८० च्या खालचं जड काम सबवूफरकडे जातं आणि बाकीचे मोकळे होतात, इतकंच.

शोरूममध्ये डेमोला बॉम्बस्फोट लावतात. स्फोट सगळ्यांवर भारीच वाजतो. तुम्ही आपला मोबाइल जोडून मराठी बातम्या लावा, रोज ऐकता तोच निवेदक, आणि ‘च’, ‘स’, ‘श’ कसे येतात ते ऐका, कानाला टोचतात का, तोंडावर रुमाल धरल्यासारखे येतात का. आवाज रोज घरी लावता तेवढाच. दोन सेट ताडून बघताना दोघांचा आवाज सारखा करायला लावा, कारण जो जरा मोठ्याने वाजतो तो प्रत्येकाला चांगला वाटतो, आणि ज्यात दुकानदाराला मार्जिन जास्त तो मोठ्याने वाजतो हे मी एका शोरूममध्ये मागे उभं राहून, नॉबवर बोट जाताना डोळ्यांनी बघितलंय.

मित्राचं म्हणाल तर भाड्याचं घर असतं, दर अकरा महिन्यांनी सामान बांधायचं असतं, तर मीही साउंडबारच म्हटलं असतं.

प्रश्न : सर, कोल्हापूरला प्रदर्शनात एक होम थिएटर बघितला, ५.१, खोक्यावर १००० वॉट, किंमत पंधरा हजार. मग तुम्ही लोक चाळीस हजारांचा ८० वॉटचा रिसिव्हर कशासाठी घ्यायला सांगता? सरळ विचारतोय, राग मानू नका.

उत्तर : राग कसला, हा प्रश्न मी पण विचारला होता, तेव्हा कॉम्प्युटरच्या हाताएवढ्या स्पीकरवर पीएमपीओ म्हणून हजार-बाराशे वॉट छापलेले असायचे आणि मागे अडॅप्टर असायचा मोबाइल चार्जरएवढा. भिंतीतून पाच-दहा वॉट घेणारं यंत्र हजार वॉट बाहेर कसं फेकेल हा साधा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

वॉटच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल एकदम, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन’ असं असेल तर तो आकडा खराखुरा. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल, १० टक्के डिस्टॉर्शन’ असेल तर तो लग्नातल्या पत्रिकेवरचा मुहूर्त, प्रत्यक्षात काय ते वेगळंच. आणि बारीक अक्षरच नसेल तर पुढे चला.

दुसरं असं की वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे एका वॉटवर तो मीटरभर अंतरावर किती आवाज देतो ते, ८५ च्या जागी ८८ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच रिसिव्हरचे वॉट फुकटात दुप्पट झाल्यासारखं. ८८ वाला स्पीकर एका वॉटवर, दहा फुटांवर बसलात तरी ७८-८० डेसिबल देतो, म्हणजे आई आतून ओरडेल इतका. बाकीचे वॉट अचानक येणाऱ्या धडाक्यासाठी शिल्लक टाकलेले असतात. प्रदर्शनातला बॉक्स तिथेच, त्या धडाक्याला, फाटतो.

प्रश्न : माझे दीर न्यू जर्सीला असतात, दिवाळीला येतायत. तिकडे सेलमध्ये रिसिव्हर अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणतात, शिवाय स्पीकर पण आणतो म्हणाले. आणायला सांगू का? नाशिक.

उत्तर : ताई, रिसिव्हर नको, स्पीकर चालतील, आणि सबवूफरची मागची बाजू बघून मग ठरवा.

तिकडचा रिसिव्हर १२० व्होल्टचा असतो. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० काहीही खातो म्हणून लोकांना वाटतं सगळंच तसं असतं, पण रिसिव्हरच्या पोटात बहुतेक वेळा मोठा जड ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो एकाच व्होल्टेजचा. आपल्या २३० च्या प्लगात खुपसला की नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो, नाहीतर जळका वास येतो आणि सगळं संपतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, रिसिव्हरच्या मागे जितके वॉट लिहिलेत त्याच्या दुप्पट ताकदीचा घ्यावा लागतो, ११० व्होल्ट देणारा घेतला तर बरं कारण तिकडचा करंट ६० हर्ट्झचा आणि आपला ५०, ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो. म्हणजे एक सात-आठ किलोचा लोखंडी ठोकळा टीव्हीखाली कायमचा, बारीक गुणगुणणारा. आणि कुणी तरी साफसफाई करताना प्लग काढून चुकून थेट भिंतीत लावला की मग बघायलाच नको. वॉरंटी इथे बहुधा चालत नाही ते वेगळंच.

साध्या स्पीकरला व्होल्टेजशी घेणंदेणं नाही, त्यांना वीज लागतच नाही, रिसिव्हर देईल ते वाजवतात. दोन बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे स्पीकर, सामानात येतात, सेंटर पण. सबवूफरला मात्र स्वतःचा अँप्लिफायर असतो, काहींच्या पाठीवर ११५/२३० चं छोटं लाल बटण असतं, असलं तर आणा आणि लावायच्या आधी ते २३० वर आहे का दोनदा बघा. नसलं तर इथेच घ्या. तसाही तो खोका विमानात आणायचा म्हणजे दिरांच्या कपड्यांना जागा उरायची नाही. कस्टम्सचं काय ते त्यांना विचारून घ्यायला सांगा.

प्रश्न : काका, बाबांचे १९८८ चे मोठे स्पीकर आहेत, लाकडी, रत्नागिरीच्या घरी. नवीन रिसिव्हरला लावले तर चालतील का? वाजवले तर फाटका आवाज येतो.

उत्तर : अरे, फेकू नकोस. समोरची जाळी काढ आणि वूफरच्या कोनाच्या कडेला जी गोल कडी असते तिला हलकेच बोट लाव. भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी बोटाला आली तर तो फोम आहे, पंधरा-वीस वर्षांत तो कुजतोच, त्यात कोकणातली हवा. फाटका आवाज त्याचा. फोम बदलून मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचार, कोन आणि कॉइल शाबूत असेल तर नव्या स्पीकरच्या मानाने अगदी किरकोळ खर्च. कडी रबराची असेल तर बहुतेक ती धड असेल आणि फाटका आवाज दुसऱ्या कशाचा.

पाठीमागे ओहम किती लिहिलेत ते बघ. ८ किंवा ६ असेल तर बिनधास्त लाव. ४ असेल तर रिसिव्हरच्या मागे किती ओहमपर्यंत चालतं ते छापलेलं असतं, ते वाचून मग. मग या दोघांना पुढचे डावे-उजवे करायचं आणि सेंटर नवीन घ्यायचा, आवाजाची जात जुळणार नाही थोडी, पण पहिल्या उत्तरात सेंटर त्याच सिरीजचा घ्या म्हणालो ते बाबांच्या स्पीकरना लागू नाही.

आणि हो, वायरी लावताना उलटसुलट होतात. जाळी काढलेलीच आहेस तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घे, वायरीची दोन टोकं क्षणभर टेकव, प्लस लाल टर्मिनलला, वूफरचा कोन बाहेर सरकला तर बरोबर, आत गेला तर त्या स्पीकरच्या आत बहुधा कधीतरी कुणीतरी उलटं जोडलंय. एक स्पीकर उलटा असला की बास कुठे गायब झाला कळत नाही, गाणारा माणूस मधोमध न वाटता सगळ्या भिंतीभर पसरतो.

प्रश्न : डोंबिवली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीत तक्रार केली. मी आवाज फार ठेवत नाही हो, पण ते म्हणतात भांडी हलतात. सबवूफरखाली फोमची गादी घातली, तरी तेच. कायद्यात काय आहे?

उत्तर : कायद्यात ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६. पण तुमच्यापुढे कायद्याचा नाही, काकांचा प्रश्न आहे. गादीने सबवूफरच्या खोक्याची थरथर स्लॅबमध्ये जायची थोडी थांबते, हवेतून जाणारा खालचा सूर थांबत नाही, तो भिंत-स्लॅब कशाला जुमानत नाही, ८० हर्ट्झची एक लाट १४ फुटांची असते, तिला गादी काय करणार.

सबवूफर कोपऱ्यातून काढा, कोपऱ्यात तो फुगतो. जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे, सबवूफर उचलून सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, बासवालं गाणं लावा आणि स्वतः जमिनीवर रांगत फिरा, जिथे बास नीट, न घुमता ऐकू येईल तिथे तो ठेवायचा. मुलं हसतील. मग त्याचा लेव्हल तीन-चार डेसिबल कमी करा, आणि रिसिव्हरमध्ये नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज म्हणून काही असेल ते रात्री चालू करा, धडाका दबतो, संवाद तसेच राहतात. दहानंतर सबवूफर सरळ बंद आणि मेनूत ‘सबवूफर नाही’ करायचं, नुसता प्लग काढला तर खालचा आवाज त्याच्याकडे जातच राहतो आणि हरवतो. आणि एकदा काकांना चहाला बोलवा, त्यांना वरती बसवा, तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन ऐका, भांडी खरंच हलतात का ते. मी असा एकदा गेलो होतो, हलत होती.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला नवीन फ्लॅटचं इंटिरिअर चालू आहे, इलेक्ट्रिशियन विचारतोय स्पीकरची वायर कुठली टाकू. शिवाय अ‍ॅटमॉसचं काय, छताला उडवून आवाज देणारे स्पीकर घेऊ का?

उत्तर : शुद्ध तांब्याची, बारीक तारांची, १.५ स्क्वेअर एमएम, पंधरा मीटरपर्यंत ८ ओहमच्या स्पीकरना आरामात चालते. स्पीकर ४ ओहमचे असतील किंवा लांबी जास्त असेल तर २.५. वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनिअम अशी स्वस्त वायर मिळते, टोक ब्लेडने खरवडलं की पांढरं दिसतं, ती नको. विजेच्या पाइपातून स्पीकरची वायर नेऊ देऊ नका, वेगळा पाइप, आणि टीव्ही ते रिसिव्हरच्या पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा कारण एचडीएमआयची वायर पाच-सात वर्षांत बदलावी लागणारच. लांब अंतरासाठी आत काच असलेली ऑप्टिकल एचडीएमआय घेतलीत तर तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. भिंत बुजवायच्या आधी वाजवून बघा. आधी. आमच्या ओळखीत एकाने रंग झाल्यावर बघितलं.

अ‍ॅटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरूनही आवाज यावा म्हणून, छतावर उडवणारे स्पीकर सपाट, बेताच्या उंचीच्या छतालाच कामाचे. तुमच्याकडे पीओपीचे कप्पे, लपवलेले दिवे आणि मधोमध पंखा, आवाज कुठून कुठे उडेल देवाला माहीत. पण पीओपी होतंच आहे तर सोफ्याच्या जरासं पुढे, दोन बाजूंना, छतात बसणाऱ्या दोन स्पीकरच्या वायरी आत्ताच टाकून ठेवा. स्पीकर नंतर घ्या, नाही घेतले तरी वायरीचे फार नाही गेले.

प्रश्न : फोंड्याहून. रिसिव्हर चालू केला की स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज. सगळ्या वायरी बदलल्या. इलेक्ट्रिशियन म्हणतो प्लगची तिसरी पिन काढून टाकू.

उत्तर : त्याला दारातूनच परत पाठवा. तिसरी पिन म्हणजे अर्थिंग, ती तुमचा जीव वाचवायला आहे.

सेट-टॉप बॉक्सच्या मागची गोल केबल काढा. हूं थांबला? मग तो केबलवाल्याच्या अर्थिंगमधून येतोय. केबल असेल तर मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. छत्रीची डिश असेल तर तो लावू नका, छत्रीच्या तोंडाशी असलेल्या यंत्राला त्याच केबलमधून वीज जाते, ती अडते आणि चित्रच जातं. तिथे टीव्ही, बॉक्स, रिसिव्हर, सबवूफर सगळं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर आणून बघा.

प्रश्न : मला सत्तरी पार झाली. मुलाने मोठ्या हौसेने सगळं बसवून दिलं आणि तो बंगलोरला गेला. सिनेमातलं बोलणं मला ऐकू येत नाही म्हणून मी आवाज वाढवते, मग मारामारी लागली की घर हादरतं, मी रिमोट शोधेपर्यंत ती संपलेली असते. कान तपासले, वयाप्रमाणे ठीक आहेत म्हणाले. काय करू? सदाशिव पेठ.

उत्तर : आजी, तुमचे कान नाही, त्या पेटीचं सेटिंग चुकलंय. रिसिव्हरच्या रिमोटवर मेनूचं किंवा सेटअपचं बटण असेल, त्यात स्पीकर, त्यात लेव्हल, तिथे सेंटर असं लिहिलेलं दिसेल. त्याच्यापुढचा आकडा आहे त्यापेक्षा ३ ने वाढवा, अजून कमी वाटलं तर ४. मग वर डोंबिवलीकरांना सांगितलेला नाइट मोड शोधा आणि तो दिवसाही चालूच ठेवा, कुणी विचारणार नाही. टीव्हीखालचा आडवा लांबट स्पीकर कपाटात आत ढकललेला असेल तर कुणाला तरी पुढे ओढायला सांगा, आणि त्याच्यासमोर फोटोफ्रेम किंवा गणपती ठेवला असेल तर त्याची जागा बदला.

जुने कृष्णधवल मराठी सिनेमे बघत असाल तर ते मोनो आहेत, रिसिव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ लावलं की त्यातलं सगळं मधल्या स्पीकरमधूनच येईल, आणि ते तुम्हाला सगळ्यात स्पष्ट ऐकू येतील. मुलाला फोनवर हे वाचून दाखवा म्हणजे तो व्हिडिओ कॉलवर बटणं दाखवेल, त्याने बसवून दिलंय तर तेवढं करायला हवंच.